सौरपंपाआधी विहीर मोजा, तीही एप्रिलमध्ये

प्रश्न : शहापूर तालुक्यात तीन एकर जमीन आहे. विहीर आहे, वीज नाही. भातानंतर भेंडी घेतो. विक्रेता म्हणतो, ५ एचपीचा सौरपंप घ्या. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. ३ एचपीच घ्या. विक्रेता दिवाळीत येतो, तेव्हा शहापूर-मुरबाडची विहीर काठोकाठ दिसते. एप्रिलमध्ये तीच तळ गाठते आणि मोठा पंप ती बघता बघता कोरडी करतो. पाणी संपलं की पंप थांबवायची सोय कंट्रोलरमध्ये, म्हणजे पंप चालवणाऱ्या पेटीत, असते. "सारखा बंद पडतोय" अशी तक्रार केली की मेकॅनिक ती सोयच काढून देतो, आणि मग मोटर जळते. हे मी कितीतरी शिवारांत पाहिलंय. ती सोय कुणालाही काढू देऊ नका.

एप्रिलअखेर विहीर उपसा, दोरीला गाठ मारून पातळी धरा, चार तासांनी पुन्हा मोजा. जेवढं पाणी परत आलं तेवढाच तुमचा पंप. एचपी विक्रेत्याला विचारू नका, विहिरीला विचारा.

माझा आग्रह टाकीचा आहे. सौरपंप अकरा ते तीन जोरात चालतो, ढग आला की मंदावतो. दुपारी उंचावरची टाकी भरा, संध्याकाळी ठिबकने भेंडीला सोडा. मोकाट पाणी सोडायचं असेल तर कुठलाच पंप पुरणार नाही.

योजनेचं थोडक्यात : 'मागेल त्याला सौर कृषी पंप'मध्ये शेतकरी हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, पुढे साडेसात. हक्कापेक्षा लहान पंप मागता येतो. अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर. हिस्सा ऑनलाइनच भरा, विक्रेत्याच्या हातात रोख देऊ नका.

प्रश्न : मुरबाडहून. दोन वर्षांत सौरपंपाचं पाणी कमी झालं. दुकानदार म्हणतो, दोन पॅनेल वाढवा.

उत्तर : वाढवू नका! कंट्रोलरला ठरलेल्यापेक्षा जास्त व्होल्टेज गेलं तर तो जळेल, पाच वर्षांची हमीही हातची जाईल. आधी सकाळी नऊ आणि दुपारी तीन वाजता शेतात उभं राहून सावली बघा. दोन वर्षांत आंब्याची फांदी वाढली असेल. पॅनेल माळेसारखे जोडलेले असतात, एकावर सावली पडली तरी सगळी माळ मंदावते. फांदी छाटा. पॅनेल धुवा, पण सकाळी गार असतानाच. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते. वायरीला मात्र स्वतः हात लावू नका : बटण बंद असलं तरी ऊन आहे तोवर पॅनेलच्या वायरीत विजेचा जीवघेणा दाब असतो.