खडूसारखा चेहरा आणि घरचं जवसाचं तेल

प्रश्न : मी आर्वीजवळच्या खेड्यात राहते. अठराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार फ्रागोनार याच्या ‘वाचणारी मुलगी’ या चित्राच्या छापील प्रतीवरून तैलरंगात सराव करते आहे. चेहरा तीनदा पुसला, तरी खडू फासल्यासारखाच दिसतो. घरच्या जवसाचं तेल घाण्यावरून काढून आणलंय, ते रंगात चालेल का?

उत्तर : ताई, आधी तेलाचं. ट्यूबमधला रंगही बहुतेक वेळा जवसाच्याच तेलात घोटलेला असतो, पण घाण्याच्या तेलात चिकट गाळ राहतो. ते उशिरा वाळतं आणि पिवळं पडतं. तरुणपणी मी हेच केलं होतं. पोळ्याच्या चित्रातला माझा पांढरा बैल पुढे पिवळट झाला, त्याची हळहळ अजून वाटते. रंगासाठी शुद्ध केलेलं लिन्सीड, म्हणजे जवसाचंच तेल, घ्या, घरचं स्वयंपाकाला राहू द्या.

आता चेहरा. तुम्ही तो आधी आणि एकटाच रंगवला असणार. कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासवर कोणतीही कांती काळवंडलेली वाटते, मग हात सारखा पांढऱ्याकडे जातो. टायटॅनियम व्हाइट फार जोरकस आणि थंड, खडू होतो तो त्यानंच. म्हणून आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, सगळीकडे पुसून घ्या. तो वाळला की मागची तपकिरी भिंत, जांभळट उशी, पिवळा झगा भरा. चेहरा त्यानंतर. त्या पिवळ्या-जांभळ्याच्या शेजारी गालाला लाली किती थोडी पुरते, ते तुमचं तुम्हालाच दिसेल. उजळ करायचं तर आधी यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि कणभर व्हर्मिलियन (शेंदरी लाल), पांढरा अगदी शेवटी. सावलीत काळा घालू नका, हिरवट करडा घाला.

मूळ चित्र १७६९च्या सुमाराचं, ८१ बाय ६५ सेंटिमीटर, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. उभे १६, आडवे १३ चौकोन आखा, प्रत्येक अडीच सेंटिमीटरचा; निम्म्या मापाचं चित्र बसतं. क्ष-किरणांत त्या डोक्याखाली समोर बघणारा दुसरा चेहरा सापडला आहे. फ्रागोनारनंही चेहरा बदलला होता, ताई, तीनदा पुसल्याचं मनाला लावून घेऊ नका.

पांढरी कॉलर मात्र गुळगुळीत करू नका. फ्रागोनारनं ओल्या रंगात कुंचल्याची दांडी फिरवून तिच्या चुण्या खरवडल्या आहेत. आपल्याकडच्या उन्हात टर्पेंटाइन भर्रकन उडतं, तेव्हा कॉलर सकाळी सातच्या आत, एका बैठकीत उरका.