लिहायचं कुठे, चालवायचं कशावर?

या वेळी इंदूरहून आलेल्या चार पत्रांना उत्तरं देत आहोत. चारही प्रश्न प्रोग्रामिंग नव्यानं शिकणाऱ्यांचे आहेत.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, सीबीएसईला कॉम्प्युटर सायन्स घेतलंय. घरच्या विंडोज ११ लॅपटॉपवर व्हीएस कोड टाकलं, त्यात पायथनचं एक्स्टेंशनही टाकलं. तरी प्रोग्राम चालवला की ‘पायथन वॉज नॉट फाउंड’ असं येतं, कधी मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उघडतं. लॅपटॉपमध्ये बिघाड आहे का?
— एक पालक, राजेंद्रनगर

उत्तर : लॅपटॉपला काही झालेलं नाही. व्हीएस कोड हा एडिटर आहे, म्हणजे वही. वहीत गणित उतरवलं म्हणून ते सुटत नाही, सोडवणारा लागतो. पायथनमध्ये तो सोडवणारा म्हणजे इंटरप्रिटर, आणि तो वेगळा बसवावा लागतो. एक्स्टेंशन फक्त वही आणि इंटरप्रिटर यांची गाठ घालून देतं. स्टोअर उघडतं त्याचं कारण असं, की विंडोजनं ‘पायथन’ नावाची एक पोकळ फाइल आधीच ठेवलेली असते आणि स्टोअरकडे बोट दाखवणं एवढंच तिचं काम असतं.

पायथन डॉट ऑर्गवर जा. विंडोजच्या पानावर ‘इन्स्टॉल मॅनेजर’ आणि ६४-बिटचा साधा ‘विंडोज इन्स्टॉलर’ असे दोन्ही दिसतील, तुम्ही साधा इन्स्टॉलर घ्या. तो उघडला की पहिल्याच पडद्यावर तळाशी ‘ॲड पायथन टू पाथ’ असा अर्थ सांगणारा चौकोन असतो. तो आपोआप टिक केलेला नसतो, आणि घाईत ‘इन्स्टॉल नाउ’ दाबणारे नेमके तिथेच फसतात. आधी टिक, मग इन्स्टॉल. पाथ म्हणजे विंडोज प्रोग्राम कुठे कुठे शोधतं त्या फोल्डरांची यादी. व्हीएस कोड ही यादी उघडताना एकदाच वाचतं, म्हणून ते पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. आता टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, पायथन, एक जागा सोडून दोन डॅश आणि व्हर्जन असं इंग्रजीत टाइप केलं की आकडा दिसायला हवा. अजूनही स्टोअरच आलं, तर सेटिंग्ज, ॲप्स, ॲडव्हान्स्ड ॲप सेटिंग्ज, ॲप एक्झिक्यूशन एलियासेस इथवर जाऊन पायथनच्या नावाची बटणं बंद करा. शेवटी व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून ‘पायथन : सिलेक्ट इंटरप्रिटर’ निवडा.

हे झाल्यावरही दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. प्रोग्रामच्या फाइलला रँडम किंवा टर्टल असं नाव देऊ नका. तसं दिलं की ‘इम्पोर्ट रँडम’ लिहिल्यावर पायथन स्वतःच्या मॉड्यूलऐवजी (त्याच नावाच्या तयार कोडऐवजी) मुलीचीच फाइल उचलतं आणि भलतीच चूक दाखवतं. दुसरं, व्हॉट्सॲपवर आलेला कोड जसाच्या तसा चिकटवू नका. त्यातली अवतरणचिन्हं वाकडी झालेली असू शकतात आणि पायथनला सरळच लागतात.

आमचं स्पष्ट मत विचाराल तर पहिले सहा महिने व्हीएस कोड नकोच. थॉनी घ्या. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात ते खास शिकणाऱ्यांसाठी तयार झालं. पायथन त्याच्या पोटातच येतं, त्यामुळे पाथची भानगड नाही. एफ५ दाबलं की प्रोग्राम चालतो. कंट्रोल-एफ५ नं सुरू करून एफ७ दाबत गेलं की एकेक पदावली कशी सुटत जाते ते डोळ्यांसमोर दिसतं आणि शेजारच्या चौकटीत व्हेरिएबलच्या किमती बदलत जातात. फॉर लूप समजायला यासारखं दुसरं साधन नाही.

प्रश्न : कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी++ आहे. घरी कोडब्लॉक्स टाकलं, तर आधी ‘कंपायलर सापडत नाही’ म्हणालं, आणि मित्राच्या कॉम्प्युटरवरच्या कोडब्लॉक्समध्ये लॅबमधले प्रोग्राम चुका दाखवतात. कोणतं बरोबर?
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, भंवरकुआँ

उत्तर : घरचं बरोबर. टर्बो सी++ हे बोरलँड कंपनीचं डॉसच्या काळातलं साधन, आज डॉसबॉक्सच्या, म्हणजे जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या, आधारानं चालवावं लागतं. सी++ चं पहिलं प्रमाणित रूप १९९८ साली ठरलं, टर्बो त्याआधीचं. म्हणून त्याची बोली वेगळी.

कोडब्लॉक्स हीही वहीच, लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवतो तो कंपायलर. तो सापडला नाही कारण कोडब्लॉक्सचे दोन इन्स्टॉलर असतात आणि तुम्ही कंपायलर नसलेला घेतलात. ज्याच्या नावात ‘मिंगडब्ल्यू’ आणि ‘सेटअप’ दोन्ही आहेत तो घ्या, त्यात जीसीसी कंपायलर सोबत येतो. तो बसवूनही तीच तक्रार आली तर सेटिंग्ज, कंपायलर, टूलचेन एक्झिक्यूटेबल्स इथलं ‘ऑटो-डिटेक्ट’ दाबा. प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर साध्या इंग्रजी नावाच्या फोल्डरात ठेवा. नावात मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षरं असली की ही साधनं कधीकधी अडखळतात.

लॅबच्या प्रोग्राममध्ये ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ मधला ‘डॉट एच’ काढा आणि खाली ‘यूझिंग नेमस्पेस एसटीडी’ लिहा. ‘व्हॉइड मेन’चं ‘इंट मेन’ करा. ‘सीएलआरएससीआर’ उडवा. ‘गेटसीएच’ही लागत नाही, कारण कोडब्लॉक्समधून चालवल्यावर काळी खिडकी कळ दाबेपर्यंत थांबते. ती खिडकी बंद न करता पुन्हा बिल्ड केलं, तर ‘परमिशन डिनाइड’ येतं. त्यात कोड चुकलेला नसतो. चालू असलेल्या प्रोग्रामच्या फाइलवर विंडोज नवी फाइल लिहू देत नाही, इतकंच.

फरक किती खोल आहे ते एकदा स्वतः पाहा. ‘इंट’ हा पूर्णांकांचा प्रकार वापरून फॅक्टोरियलचा (१ पासून त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराचा) प्रोग्राम लिहा आणि ८ द्या. घरी ४०३२० येईल, लॅबमध्ये उणे २५२१६. टर्बोत ‘इंट’ला दोनच बाइट मिळतात आणि त्यात ३२७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही. घरी चार बाइट मिळतात, म्हणून १२ पर्यंत उत्तर बरोबर येतं आणि १३ ला तिथेही बिनसतं. परीक्षेपुरती लॅबची बोली पाठ ठेवा, शिकायचं मात्र घरच्या कंपायलरवर.

प्रश्न : जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम, विंडोज १०. जेल रोडवरचा एक दुकानदार ‘सगळी सॉफ्टवेअरं टाकून देतो’ म्हणून ६०० रुपये मागतो. द्यावेत का?
— एक वाचक, सुदामानगर

उत्तर : मुळीच देऊ नका. वर सांगितलेल्यांपैकी एकाचेही पैसे पडत नाहीत, आणि दुसऱ्याच्या पेनड्राइव्हवरून आलेल्या फाइलला कुणी हात लावलाय ते कळायला मार्ग नसतो. स्वतः उतरवा, तेही त्या सॉफ्टवेअरच्या मूळ साइटवरून. मोठ्या फाइलींसोबत तिथे एसएचए२५६ चा, म्हणजे फाइलच्या अंगठ्याच्या ठशासारखा, अंक-अक्षरांचा लांबलचक आकडा दिलेला असतो. आपल्या फाइलचा आकडा विंडोजमधल्या ‘सर्टयूटिल’ या आज्ञेनं काढून त्याच्याशी ताडून पाहा. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी फाइल टाकून द्या.

विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या फुकट कार्यप्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि त्यावर मिंट उतरवायला रुफस किंवा एचर हे साधन पुरतं. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज, कीबोर्ड तपासा, आणि फोटो-कागदपत्रांची प्रत बाहेर काढल्याशिवाय ‘इन्स्टॉल’ला हात लावू नका. मिंटमध्ये पायथन आधीपासून असतं. सी++ साठी टर्मिनलमध्ये ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल’ एवढी एक ओळ पुरे, जीसीसी, जी++ आणि मेक तिघंही येतात. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर अक्षरांऐवजी नुसते तारे उमटतात. घाबरू नका, तो घेतला जात असतो.

जाता जाता एक. ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन शब्द मराठीत वेगळे आहेत हे आपलं भाग्यच. मायक्रोसॉफ्ट देतं ते तयार व्हीएस कोड फुकट आहे, पण त्याचा परवाना कंपनीचा स्वतःचा. त्याच्याच मुक्त कोडवरून बनवलेलं व्हीएसकोडियम, तसंच थॉनी आणि जीसीसी ही मुक्त आहेत. त्यांचा कोड वाचता, बदलता आणि वाटता येतो. शिकणाऱ्यानं शक्यतो तीच निवडावीत.

प्रश्न : पायथनमध्ये मराठी चालतं का?
— एक शिक्षिका, लोकमान्यनगर

उत्तर : चालतं. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला ‘बेरीज’ असं नाव देता येतं, आणि ‘४५२००१’ हा पिनकोड देवनागरीत टाइप करून घेतला तरी ‘इंट’ त्याचा बरोबर आकडा करतं. कोडमध्ये थेट लिहिलेले अंक मात्र इंग्रजीच हवेत. ‘इंदूर’ची लांबी ‘लेन’ या आज्ञेनं मोजली तर ३ नव्हे, ५ येते. इ, अनुस्वार, द, ऊकार आणि र, प्रत्येकाची मोजणी वेगळी. वर्गात हे फळ्यावर लिहून मुलांकडून आधी अंदाज घ्या, मग चालवून दाखवा.