ते पुस्तक आधी कपाटावरून खाली काढ

प्रिय मावशी,
माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. बरेच महिने मी तिला घरीच वाचायला शिकवतेय. भिंतीवर तक्ते लावलेत, फ्लॅशकार्ड आणलीत, मोबाईलवर ॲप पण आहे. रोज संध्याकाळी अर्धा तास बसवते. क ते ज्ञ घडाघडा म्हणते पण मधलंच अक्षर विचारलं की गप्प. घ आणि ध मध्ये कायम गोंधळ, भ आणि म मध्ये पण तेच. हल्ली तर कार्ड काढली की पोटात दुखतं म्हणते. माझ्या जावेचा मुलगा तिच्याच वयाचा, तो रस्त्यावरच्या पाट्या वाचतो. नवरा म्हणतो आपोआप शिकेल, तू उगाच टेन्शन घेतेस. एक गोष्टीचं पुस्तक तिला पाठ झालं होतं, तेच घेऊन वाचल्यासारखं करत बसायची, म्हणून सध्या ते कपाटावर ठेवलंय. तिला काही प्रॉब्लेम असेल का? की मीच कमी पडतेय?
– काळजीत पडलेली आई

अगं, ते पुस्तक आधी खाली काढ. आजच. हे वाचून झालं की उठ आणि काढ.

ॲप, तक्ते, अर्धा तास, जावेचा मुलगा, सगळं तू सविस्तर लिहिलंस आणि पुस्तकाला दिलंस एक वाक्य, ते पण शेवटी जाता जाता, पण मी तिथेच अडकले. आणि खरं सांगते, मला राग आला. तुझ्या घरात वाचायला शिकायची जी एक गोष्ट खरोखर चालू होती नेमकी तीच तू बंद केलीस.

वाचल्यासारखं करायची म्हणतेस. अगं तीच तर सुरुवात असते! साडेचार वर्षांचं मूल पाठ झालेलं पुस्तक घेऊन बसतं तेव्हा त्याला किती काय कळलेलं असतं बघ. पुस्तक सुलटं कसं धरायचं, पान कुठून उलटायचं, गोष्ट नुसती चित्रात नाही तर त्या खालच्या काळ्या रेघोट्यांमध्ये आहे, आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्या रेघोट्या दर वेळी तेच बोलतात, आज आईने वाचलं उद्या बाबाने वाचलं तरी शब्द बदलत नाहीत. हे कुठल्याही कार्डावर शिकवता येत नाही, ते शंभर वेळा एकच पुस्तक ऐकूनच कळतं. विश्वास बसत नसेल तर वाचताना मुद्दाम एक वाक्य गाळून बघ, ती तुला तिथल्या तिथे पकडेल.

आणि मला एक सांग, क ते ज्ञ पाठ आहे याचं तुला कौतुक आणि गोष्ट पाठ आहे याची धास्ती, असं का? उलटं हवं ना. गोष्ट तिला अर्थासकट पाठ आहे, कोणत्या पानावर कोण रडतं आणि कोण पळतं हे तिला माहितीये. क ते ज्ञ मध्ये तिला काहीच सापडत नाही, नुसते आवाज एकामागून एक, म्हणून मधलं विचारलं की ती अडते. आपल्या वर्णमालेचा क्रम उच्चारावरून लावलेला आहे, घसा, टाळू, दात, ओठ असा आवाज जिथून निघतो त्या जागा बघून, आणि तो फार सुंदर आहे, पण म्हणून मुलाने त्याच क्रमाने वाचायला शिकावं असं कुठे आहे? पाचव्याच नंबरला ङ येतो, त्याने सुरू होणारा एक तरी शब्द तू तिला सांगू शकतेस का? तिच्या नावातली अक्षरं, त्या पुस्तकातल्या लाडक्या प्राण्याच्या नावातली अक्षरं, तिथून सुरू केलं तर चार-पाच अक्षरांत तिला स्वतःचा असा शब्द वाचता येतो आणि मग ती पुढचं अक्षर स्वतःहून मागते.

आता घ-ध आणि भ-म. तू ज्या दोन जोड्या लिहिल्यास ना, त्या दोन्हींमध्ये फरक जवळपास एकाच जागी आहे. घ ला वरची रेघ पूर्ण, ध ला ती तुटलेली आणि तिथे छोटा वळसा. म ला पूर्ण, भ ला तुटलेली. म्हणजे पोरगी अक्षराचा बाकी सगळा आकार बरोबर ओळखतेय, फक्त रेघ कुठे तुटते तिकडे अजून तिचं लक्ष जात नाही. का जाईल? आत्तापर्यंत तिला जगाने हेच शिकवलंय की कप कसाही ठेवला, कानाकडून बघितला, उलटा बघितला, थोडा टवका उडालेला असला तरी तो कपच. एवढ्याशा रेघेने नाव बदलणाऱ्या वस्तू ती पहिल्यांदाच बघतेय. यात प्रॉब्लेम काही नाही, हे वयच तसं आहे. दोन्ही अक्षरं एकाच दिवशी समोर धरू नकोस, एक पक्कं होऊ दे, बरेच दिवसांनी दुसरं.

हां, तिला हाक मारली तर ऐकू येत नाही असं वाटत असेल, कान सारखा दुखत असेल, बाहेरच्यांना तिचं बोलणं कळत नसेल किंवा पुस्तक अगदी नाकाला लावून बघत असेल तर डॉक्टरांकडून कान-डोळे तपासून घे. घरात कुणाला वाचण्याचा त्रास होता का तेही त्यांना सांग.

पोटात दुखतं म्हणते ते खोटं समजू नकोस. खरंच दुखतं त्यांना. साडेचार वर्षांच्या मुलाला मला हे नको, मला भीती वाटते असं सांगता येत नाही, पोट सांगतं. म्हणून तो संध्याकाळचा अर्धा तास आजपासून बंद, कार्ड तिच्या खेळण्यांत टाकून दे, ॲप काढून टाक. काही बुडणार नाही. फिनलंडमध्ये मुलं ज्या वर्षी ७ ची होतात त्या वर्षी पहिलीत जातात. न्यूझीलंडमध्ये संशोधकांनी ५ व्या वर्षी आणि ७ व्या वर्षी वाचन शिकायला लागलेल्या मुलांची तुलना केली, तर ११ व्या वर्षापर्यंत उशिरा सुरू केलेली मुलं बरोबरीला आलेली होती. जावेच्या मुलाला खुशाल पाट्या वाचू देत.

तुझ्या नवऱ्याची बाजू मात्र मी घेणार नाही. टेन्शन घेऊ नकोस म्हणायला काय जातं! बोलणं मूल ऐकून ऐकून आपोआप शिकतं, वाचणं तसं येत नाही, ते कुणीतरी शेजारी बसून दाखवावंच लागतं. तर त्याला सांग, एक दिवस तू वाचायचं आणि एक दिवस त्याने, आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून.

कसं करायचं विचारशील तर आज रात्री पुस्तक तिच्या हातात दे आणि म्हण मला वाचून दाखव. ती चुकीचा शब्द म्हणेल, अख्खं पान गाळेल, तुझा जीव खालीवर होईल, तरी दुरुस्त करायचं नाही. हे कोणतं अक्षर, हे काय लिहिलंय, असलं काही विचारायचं नाही. नुसतं ऐक. असे बरेच दिवस जाऊ देत. मग तू वाचशील तेव्हा शब्दांखालून सावकाश बोट फिरव, काही न बोलता. ती पण फिरवायला लागेल, आधी बोट पुढे जाईल आणि गोष्ट मागे राहील, कधी उलटं होईल, आणि एक दिवस ती स्वतःच थांबून परत मागे जाईल कारण शब्द संपला पण बोट अजून दुसऱ्याच शब्दाखाली आहे हे तिच्या लक्षात आलेलं असेल. त्या दिवशी ती वाचायला लागली असं समज. तिने बोट ठेवून हे काय विचारलं तर तेवढंच सांग, त्यावरून धडा सुरू करू नकोस. आणि कामं करताना, चालता चालता शब्दांच्या भेंड्या खेळा, टाळ्या वाजवत शब्द तोडा, का-व-ळा, मां-ज-र, कारण अक्षर डोळ्याला दिसण्याआधी ते कानाला वेगळं ऐकू यावं लागतं.

तू कमी पडत नाहीयेस. तू शिक्षिका होऊन बसलीस आणि तिला आई हवी होती मांडीवर घेऊन वाचणारी, एवढंच झालंय, ते आज रात्रीच नीट करता येईल. महिनाभराने मला परत लिही. किती अक्षरं आली ते नको सांगूस, ती आता कोणतं पुस्तक मागते ते कळव.

– तुझी मावशी