ऊर्जेवर संशोधन करायचं तर इंजिनीअरिंगच लागतं का? यवतमाळच्या खेड्यातून बीएस्सी करतोय.

अजिबात नाही. तुमच्याच धुऱ्यावरची पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं घ्या. वेचणी संपली की थोडी चुलीत जाते, बाकीची काडी लावून मोकळे. तिचा भुसा करून यंत्रात दाबला की घर्षणाच्या उष्णतेने त्यातलं लिग्निन (झाडाला ताठपणा देणारा घटक) मऊ होतं आणि तेच डिंकाचं काम करतं, वेगळं काही मिसळावं लागत नाही. ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेला जळणाचा ठोकळा तयार. हे झालं रसायनशास्त्र.

पण पऱ्हाटी रचून ठेवली तर तिच्यावरच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, म्हणजे कीटकशास्त्रवाला हवाच. खरी गोम वाहतुकीत आहे: ट्रॉली भरलेली दिसते, वजन मात्र नावालाच. कुट्टी शेतातच करायची की कारखान्यात, हा अर्थशास्त्राचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. चुलीच्या धुरावर वैद्यकीय संशोधन होतं, वर्धा खोऱ्यातल्या कोळशावर भूगर्भशास्त्रात.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात अपारंपरिक ऊर्जेचा विभाग आहे. नागपूरला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि व्हीएनआयटी हे अभियांत्रिकीचं राष्ट्रीय महाविद्यालय, वर्ध्याला एमगिरी ही ग्रामोद्योगांवर काम करणारी संस्था. पुण्या-मुंबईकडे पाहण्याआधी एमएस्सीच्या प्रकल्पासाठी इथे विचारा, आणि प्रश्न मात्र आपल्या शेतातलाच न्या.