तिसरी बॅटरी घेण्याआधी मीटर लावा

प्रश्न: माझी दीडशे सीसीची गाडी आहे, २०१८ चं मॉडेल. वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलल्या, दोन्ही मेन्टेनन्स फ्री. नवी टाकली की आठ-दहा दिवस सेल्फ लागतो, मग नुसतं कट-कट-कट. दुकानवाला म्हणतो बॅटरीच खराब निघाली, मेकॅनिक म्हणतो पूर्ण वायरिंग बदला. शेतीची लाईट रात्रीची असली की केळीला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं म्हणून पुढे दोन जादा हॅलोजन लावलेत. तिसरी बॅटरी घेऊ का, भाऊ?
– एक वाचक, रावेर तालुका

उत्तर: नका घेऊ भाऊ. दोन नव्या बॅटऱ्या लागोपाठ आठ-दहा दिवसांत बसल्या, म्हणजे बॅटरीचा दोष असण्याची शक्यता फार कमी. विहिरीवरची मोटर पाणी फेकत नाहीये अन् आपण टाकीच बदलत बसलोय, असं झालंय हे.

इंजिन चालू झालं की मॅग्नेट फिरतो, त्याच्या आतल्या कॉईलमधे करंट तयार होतो, तो एसी असतो, तो बहुतेक गाड्यांत तीन पिवळ्या वायरींनी आरआर युनिटला (रेग्युलेटर-रेक्टिफायरला) जातो, तिथे त्याचा डीसी होतो अन् व्होल्टेज मर्यादेत राहून बॅटरीला मिळतो. एवढाच रस्ता आहे. यातलं कुठे तुटलंय ते साध्या ३००-४०० रुपयांच्या मल्टिमीटरने घरी ओट्यावर बसून कळतं.

आधी बॅटरी बाहेर काढून फुल चार्ज करून घ्या, कारण अर्धमेल्या बॅटरीवर पुढचं सगळं माप फसवं येतं. मग रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी मीटर डीसीवर ठेवून बॅटरीला लावा. १२.६ ते १२.८ दाखवलं तर बॅटरी भरलेली, १२ च्या आसपास आलं तर चार्ज धरत नाहीये किंवा रात्रीतून कुठेतरी करंट खाल्ला जातोय. आता गाडी चालू करा, रेस ४०००-५००० आरपीएमपर्यंत न्या, मीटर तसंच बॅटरीवर राहू द्या. १३.५ ते १४.५ आलं तर चार्जिंग ठीक. १५ च्या वर जात असेल तर आरआर युनिट गेलंय, ते बॅटरीला उकळून मारतंय. अन् रेस देऊनही १२ वरच अडकलंय, उलट कमी होतंय, तर चार्जिंग होतच नाही.

तसं असेल तर लगेच युनिट विकत घेऊ नका, आधी त्याचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लास्टिकचा सॉकेट, खोलून बघा. मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक गाडी आली, तीन महिने फिरली होती बिचारी दुकानोदुकानी. कपलर काढला तर एका पिवळ्या वायरचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं, आतली पिन काळी, वरून हिरवी बुरशी धरलेली, वास तर जळालेल्या बेकेलाईटसारखा. पिन लूज होती, म्हणून गरम झाली, गरम झाली म्हणून अजून लूज झाली. नवीन कपलर लावून पिना वायरींवर नीट दाबून क्रिम्प केल्या, गाडी १४.२ दाखवायला लागली. आपल्याकडे धूळ, चिखल, त्यात प्रेशरने गाडी धुवायची सवय, त्यामुळे हे फार होतं.

कपलर ठीक असेल तर कॉईलकडची बाजू सोडवून मीटर एसीवर ठेवा, रेस द्या अन् पिवळ्या वायरी दोन-दोन करून मोजा. आकडा गाडीगाडीला वेगळा असतो पण तिन्ही जोड्यांत सारखाच आला पाहिजे अन् रेसबरोबर वाढला पाहिजे. एक जोडी कमी दाखवते तर कॉईल गेली. मग इंजिन बंद करून मीटर बझरवर ठेवा, एक टोक प्रत्येक पिवळ्या वायरीला अन् दुसरं बॉडीला लावून बघा, मीटर वाजलं तर कॉईल अर्थ झालीय, म्हणजे बॉडीला चिकटलीय. कॉईल चांगली निघाली तर दोष युनिटचा किंवा त्याच्या अर्थिंगचा.

आता तुमचे हॅलोजन. दोन्ही ५५ वॅटचे असतील तर ११० वॅट, म्हणजे जवळपास ९ अँपिअर. त्यात १ एप्रिल २०१७ नंतरच्या गाडीचा हेडलाईट बंदच होत नाही. शेताच्या बांधावरून पहिल्या-दुसऱ्या गिअरमधे हळूहळू जाताना कॉईल तेवढा करंट देऊच शकत नाही, उरलेला बॅटरीतून जातो. मला तर निम्मा रोग इथेच दिसतोय. आठ दिवस ते काढून गाडी चालवून बघा, लागलेच तर कमी वॅटचे एलईडी रिले टाकून लावा.

अन् एक कळकळीने सांगतो, चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघायची जुनी पद्धत कुणाला करू देऊ नका, व्होल्टेज उसळतं, फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीचा तर ईसीयूच, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरच, जाऊ शकतो.

प्रश्न: जुनी, पाणी टाकायची ९ एएचची (अँपिअर-अवरची) बॅटरी आहे. चारचाकीच्या चार्जरवर दोन तासांत चार्ज केली तर चालेल का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर: नाही दादा. तिला साधारण ०.९ अँपिअर हवेत, म्हणजे दहा-बारा तास निवांत. मोठ्या चार्जरने प्लेटा वाकतात, पाणी उकळतं. झाकणं उघडी ठेवा, जवळ बिडी-काडी अजिबात नको, निघणारा गॅस पेट घेतो. पाणी कमी झालं असेल तर फक्त डिस्टिल्ड टाका, बोअरचं नाही, अॅसिड तर मुळीच नाही. अन् आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो त्या एप्रिल-मे मधे दर पंधरा दिवसांनी लेव्हल बघत जा, प्लेटा एकदा उघड्या पडून वाळल्या की तो सेल परत येत नाही.