सुट्टीत अलिबागला हॉटेलवर दारू पिऊन नवरा-बायकोचं भांडण झालं तर पोलीस केस होते का?
होऊ शकते ना. नुसती तोंडातोंडी असेल तर बहुतेकदा समज देऊन सोडतात, पण हात उचलला की भारतीय न्याय संहितेचं कलम 115 लागतं, एक वर्षापर्यंत कैद, 10,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि 'प्यायलो होतो, भान नव्हतं' हे स्वतःहून प्यायलेल्याला कोर्टात फारसं तारत नाही. बीचवर तमाशा केलात तर कलम 355, 24 तासांपर्यंत कैद किंवा 1,000 पर्यंत दंड, कधी दोन्ही. आणि कृपा करून रागाच्या भरात अलिबागहून गाडी काढून मुंबईला निघू नका राव, ड्रंक ड्रायव्हिंगला पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मारहाण सुरू झाली तर रिसेप्शनला सांगा, नाहीतर सरळ 112 लावा.