साभार परत आलेल्या कथांविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. तुझं पत्र आणि सोबतची यादी मिळाली. वर्षभरात कुठली कथा कुठे पाठवली, काय उत्तर आलं, हे तू नेटकं लिहून ठेवलंस ते फार बरं केलंस. पण यादीच्या खाली 'मला बहुतेक लिहिता येत नाही' असं लिहिलंयस, ते काही त्या यादीतून निघत नाही.

आधी नुसता व्यवहार बघ. दिवाळी अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, आणि नावाजलेल्या अंकांची बरीच पानं निमंत्रित लेखकांसाठी आधीच धरलेली असतात. तू कथा पाठवल्यास गणपतीच्या सुमारास. तोवर मजकूर डीटीपीला गेलेला असतो, मुद्रितं तपासणं चालू असतं, ऐन वेळी जाहिराती वाढल्या तर घेतलेलं साहित्यसुद्धा मागे राहतं. अशा वेळी आलेल्या नकारात तुझ्या कथेबद्दल काहीच म्हटलेलं नसतं. उत्तरच आलं नाही, तर त्यातूनही काही अर्थ काढू नकोस. कितीतरी छोट्या अंकांचे संपादक नोकरी सांभाळून अंक काढतात. पाठवताना युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइल पाठव. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की जोडाक्षरं फुटतात आणि वाचणारा पहिल्या पानावरच थकतो. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना मात्र देऊ नकोस. तीन महिने वाट बघ, एकदा विचारून घे, तरी उत्तर नाही आलं तर 'कथा मागे घेत आहे' असं कळवून पुढे पाठव.

आता मला खरं बोलायचंय ते गिरणीच्या कथेबद्दल. त्या एका संपादकांनी नकारासोबत ओळ लिहिलीय: 'गिरणीपर्यंत पोचायला फार वेळ लागतो.' तू ती यादीत इतर नकारांच्या रांगेत टाकून दिलीस. मी कथा दोनदा वाचली. पहिल्या दोन पानांत आभाळ आहे, पाऊस आहे, एसटी स्टँड आहे. सगळं चांगलं लिहिलंय, आणि त्यातलं काहीही नसतं तरी चाललं असतं. कथा सुरू होते ती पट्टा तुटतो तिथे. बाहेर डब्यांची रांग, झाकणांवर रंगाने घातलेली नावं, आणि वडील हाताचं पीठ न झटकता तसेच उभे. गिरणी आता चालायची नाही हे ते कुणाला सांगत नाहीत. दगडाला टाकी लावत बसतात. हे वाचताना मी जागचा हललो नाही. ज्याला हे दिसतं त्याने लिहिता येत नाही असं म्हणू नये.

'सत्यकथा' मासिकाच्या काळात त्याचे संपादक श्री. पु. भागवत, राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहीत, कथा पुन्हा लिहायला लावत. ते मासिक १९८२ साली बंद झालं. इतक्या बारकाईने वाचून कळवणारं माणूस आज क्वचितच भेटतं, म्हणून ती एक ओळ जपून ठेव. त्या संपादकांनी तुझी कथा गिरणीपर्यंत वाचली होती.

पण प्रत्येक सूचना ऐकायची असंही नाही. अहिराणीतली कथा 'प्रमाण मराठीत करून द्या' असं ज्यांनी कळवलं, त्यांचं ऐकू नकोस. त्या आजीचं बोलणं प्रमाण मराठीत आणलं की आजीच उरत नाही. ती कथा चुकीच्या दारात गेली, एवढंच. गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादेतून 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालवलं, तेव्हा प्रस्थापित मासिकांनी दारात उभं न केलेल्या कितीतरी दलित लेखकांना तिथे जागा मिळाली. त्याआधी साठच्या दशकात अनियतकालिकं, म्हणजे जमेल तेव्हा निघणारे छोटे अंक, निघाली तीही अशाच गरजेतून. आजही लहान नियतकालिकं आहेत, बोलींसाठी मुद्दाम पानं ठेवणारे अंक आहेत. पाठवण्याआधी त्यांचे दोन-तीन अंक विकत घेऊन नीट वाच. तू यंदा ज्यांना कथा पाठवल्यास, त्यांतले किती अंक वाचले होतेस?

पैसे भरा, पुस्तक काढून देतो, असं म्हणणारे या दिवसांत हमखास भेटतील. नकारांनी मन खचलेलं असतं आणि तेव्हाच हा मोह होतो. आत्ता त्या वाटेला जाऊ नकोस. तुझ्याकडे अजून पुस्तकाएवढ्या कथा नाहीत, आणि आहेत त्यांना आधी चार वाचक भेटू देत.

तर गिरणीची कथा पट्ट्यापासून सुरू कर. एसटी स्टँडचा फार जीव लागला असेल तर वेगळ्या वहीत ठेव, पुढे कुठेतरी लागेल. शेवटही एकदा मोठ्याने वाचून बघ. मला वाटतं बहिणीचं शेवटचं वाक्य जास्तीचं आहे, पण ते तू ठरव. मार्चअखेरपर्यंत मला पाठव. मी आठवड्यात वाचून कळवतो, म्हणजे एप्रिलमध्ये ती संपादकांकडे जाईल.

तुझा,
काका